दहा ब्रशचा सिंथेटिक सेट, त्यातला कामाचा एकच
स्केल मॉडेल (खऱ्या वस्तूंच्या छोट्या प्रतिकृती) रंगवताना बारीक कामासाठी म्हणून हा सेट घेतला होता, कंपनीचं नाव राहू दे, असल्या सेटची गत सगळीकडे सारखीच. माझा सगळा जीव त्यातल्या ००० या अगदी बारीक नंबरवर आणि नेमका तोच बेकार निघाला. १/३५ ची फिगर (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा माणूस) म्हणजे उभा माणूस जेमतेम ५ सेंमी, डोळा १ मिमीसुद्धा नाही, तिथे पांढरा ठिपका द्यायचा तर पॅलेटवरून ब्रश नेईनेईपर्यंत रंग टोकावरच वाळलेला! हाताचा दोष नाही हो, एवढ्याशा केसांत अ‍ॅक्रिलिक मावणार तरी किती.

मग त्याच सेटमधला २ नंबर काढला, ज्याच्याकडे तोवर ढुंकूनही बघितलं नव्हतं. टोक बरं होतं पण पोट (केसांचा मधला जाड भाग) सुटलेलं. भिंगाखाली धरला, ओला करून टोक जमवलं आणि मधले टोकापर्यंत जाणारे केस सोडून बाहेरचे ११ नंबरच्या टोकदार ब्लेडने एकेक करून कापले, अगदी मुळाशी, पत्र्याच्या नळीला लागून. साधारण तिसरा हिस्सा गेला असेल. जास्त नको, कारण रंग साठतो तो पोटातच, तेच काढलं तर घरी बनवलेला ००० झाला की. आणि टोकाला कात्री लावायची नाही म्हणजे नाही, केस टोकाकडे निमुळता असतो, छाटला की बोथट. मी आधी एकाला लावली होती, तो आता गोंद लावायला आहे. दांडी पण अर्धी कापली, भिंगावर सारखी आपटायची.

या २ नंबरने १/७२ च्या विमानाच्या कॉकपिटमधले डायल झाले, एका बुडवणीत तीन-चार!

पण महिन्याभरात टोक गळासारखं वळलं, सिंथेटिकचं हे जुनं दुखणं. गरम पाण्यात (उकळतं नको, नळीतला गोंद सुटतो) काही सेकंद बुडवून चिमटीत सरळ केलं की थोडे दिवस चालतं, मग परत तेच. कोलिन्स्कीला, म्हणजे खऱ्या केसांच्या ब्रशला, हा त्रास फारसा नाही (म्हणतात सेबल, केस मात्र सायबेरियन वीझलच्या शेपटीचे), पण तिच्यावर ब्लेड चालवायची माझी छाती नाही आणि चांगल्या टोकाच्या १ नंबरला तशी गरजही पडत नाही.

पाचपैकी दोन स्टार, दोन्ही त्या २ नंबरचे.