दोन राज्यांचा कर आणि तयार करणाऱ्याची सही नसलेले रिटर्न

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि माझी नोकरी मॅनहॅटनमध्ये आहे. आठवड्यातले तीन दिवस मी मेट्रोपार्क स्टेशनहून रेल्वेने ऑफिसला जाते आणि दोन दिवस घरून काम करते. अशा नोकरीत दोन राज्यांची रिटर्न भरावी लागतात: न्यूयॉर्कला अनिवासी म्हणून आयटी-२०३ आणि न्यू जर्सीला रहिवासी म्हणून एनजे-१०४०. न्यूयॉर्कला भरलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, न्यू जर्सी देते, म्हणून आधी न्यूयॉर्कचे रिटर्न पूर्ण करायचे आणि तिथला आकडा घेऊन न्यू जर्सीकडे यायचे, असा हा क्रम आहे.

२०२२ सालचे रिटर्न मी गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झालेल्या एका गृहस्थांकडे दिले. मराठी माणूस, वयाने वडीलधारा, म्हणून आम्ही त्यांना काकाच म्हणत होतो. त्यांची फी शंभर डॉलर आणि वर राज्याच्या रिफंडच्या वीस टक्के अशी होती. रिफंडमध्ये हिस्सा मागणारा माणूस रिफंड फुगवणारच, हे मला त्या वेळी सुचायला हवे होते. ते म्हणाले, “अगं, घरून काम केलेल्या दिवसांवर न्यूयॉर्कचा हक्कच नाही. पेनसिल्व्हेनियाशी करार आहे ना, तसंच हे.” माझा एक सहकारी पेनसिल्व्हेनियात राहून न्यू जर्सीत नोकरी करत असे आणि त्याच्या पगारावर खरोखरच न्यू जर्सीचा कर कापला जात नसे, त्यामुळे मला ते पटले. परंतु पगारावर फक्त राहत्या राज्याने कर घ्यायचा, असा करार न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात आहे, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क यांच्यात नाही. उलट न्यूयॉर्कचा नियम असा आहे, की कामाची जागा न्यूयॉर्कमध्ये असताना कर्मचारी स्वतःच्या सोयीसाठी राज्याबाहेर घरी बसून काम करत असेल, तर ते दिवसही न्यूयॉर्कमध्ये केलेल्या कामाचेच धरले जातात. माझे घरून काम करणे सोयीचेच होते, कारण माझे टेबल ऑफिसात होते आणि कंपनीने मला घरी बसायला सांगितलेले नव्हते.

न्यूयॉर्ककडून जवळजवळ चोवीसशे डॉलर रिफंड आला आणि त्यातले चारशे ऐंशी मी त्यांना झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवण्याच्या सोयीने) पाठवले. साधारण वर्षभराने न्यूयॉर्कच्या कर विभागाचे पत्र आले. राज्याबाहेर काम केल्याचे दिवस सिद्ध करणारे कंपनीचे पत्र आणि दिवसवार नोंद त्यांनी मागितली होती.

त्या रात्री मी काकांनी केलेल्या रिटर्नची पीडीएफ पहिल्यांदा पहिल्या पानापुढे वाचली. पगाराची विभागणी दाखवणाऱ्या तक्त्यात राज्याबाहेरच्या कामाचे १०४ दिवस लिहिलेले होते, म्हणजे बावन्न आठवडे गुणिले दोन. सुट्ट्या, आजारपण, काहीही वजा केलेले नव्हते. त्या डिसेंबरात मी तीन आठवडे पुण्याला आईकडे होते, पासपोर्टवर मुंबई विमानतळाचे शिक्के आहेत, आणि तरीही त्या तीन आठवड्यांतले सहा दिवस मी एडिसनच्या घरून काम केले असे माझ्या नावाने लिहिले गेले होते. घरून केलेल्या कामाचे दिवस त्याच तक्त्यात वेगळ्या ओळीत दाखवावे लागतात; त्या ओळीत शून्य होते. याहून वाईट म्हणजे न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये मात्र माझा सगळा पगार न्यूयॉर्कमध्येच मिळवलेला दाखवून पूर्ण क्रेडिट घेतले होते. एकाच वर्षाची हकिकत दोन सरकारांना दोन तऱ्हेने सांगितलेली होती आणि दोन्हींखाली संमती माझी होती.

शेवटच्या पानावर पैसे घेऊन रिटर्न तयार करणाऱ्याची सही आणि पीटीआयएन (तयार करणाऱ्याला आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याने, दिलेला) क्रमांक यासाठी जागा असते. ती कोरी होती, म्हणजे रिटर्न मी स्वतःच तयार केले असे सरकारला सांगितले गेले होते. पैसे घेणाऱ्याने सही करणे बंधनकारक आहे, आणि न्यूयॉर्कची रिटर्न करणाऱ्याने, तो सीपीए (परवानाधारक लेखापाल), वकील किंवा एनरोल्ड एजंट (आयआरएसची मान्यता असलेला कर सल्लागार) नसल्यास, न्यूयॉर्कच्या कर विभागाकडे नोंदणीही करावी लागते. काकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “मी फक्त मदत केली. सबमिट कर असं तूच सांगितलंस ना?” त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही.

कायद्याच्या दृष्टीने रिटर्नची जबाबदारी माझीच, म्हणून चोवीसशे डॉलर, त्यावरचे व्याज आणि दंड मी भरला. संपूर्ण पगार पुन्हा न्यूयॉर्कचा धरला गेल्यामुळे न्यू जर्सीचे क्रेडिट बरोबर ठरले आणि तिकडे वेगळे काही द्यावे लागले नाही, एवढाच काय तो दिलासा. चारशे ऐंशी डॉलर परत मिळालेले नाहीत. मी आयआरएसकडे १४१५७ क्रमांकाच्या फॉर्मवर आणि न्यूयॉर्कच्या कर विभागाकडे तक्रार केली आहे, तिच्यासोबत झेलची पावती आणि त्यांचे संदेश जोडले आहेत.

आपल्यापैकी कोणी असे रिटर्न करून घेतले असेल, तर आज रात्रीच पीडीएफ उघडून सहीची जागा पाहावी आणि दोन्ही राज्यांच्या रिटर्नमधला न्यूयॉर्कचा पगार शेजारी शेजारी ठेवून ताडून घ्यावा. आकडे जुळत नसतील तर पत्र येण्याची वाट न पाहता दुरुस्त रिटर्न भरता येते, व्याजही कमी लागते. या जानेवारीत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर “न्यूयॉर्कचा रिफंड वाढवून मिळेल” असा काकांच्याच क्रमांकावरून आलेला संदेश मी पाहिला, आणि त्याखाली दोन जणांनी आपले डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा फॉर्म) पाठवतो असे उत्तर दिलेले होते.