जुन्या विंचेस्टरसाठी सोलापुरातलं दुकान, ५ पैकी ४ स्टार

नवी पेठेच्या आतल्या बाजूला लायसनवालं बंदुकीचं दुकान आहे, जुन्या लिव्हरवाल्या (ट्रिगरभोवतीचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायच्या) रायफलीचं काम असेल तर डोळे झाकून जावा, पण घाई असेल तर अजिबात जाऊ नका, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्याकडं आजोबांची विंचेस्टर १८९२ रायफल आहे, जॉन ब्राउनिंगच्या डिझाईनची, .४४-४० काडतुसाची, म्हणजे ४४ कॅलिबर आणि मुळात ४० ग्रेन काळी दारू. निवडणुकीत ठाण्यात जमा होती, परत आली तेव्हा लिव्हर शेवटचं बोटभर मिटेचना. राउंड (काडतूस) जवळजवळ पूर्ण आत जातंय पण बोल्टच्या, म्हणजे काडतुसामागं नळी बंद करणाऱ्या ठोकळ्याच्या, दोन्ही बाजूचे लॉक वर चढत नाहीत. आधी बाहेरगावी एकाला दाखवली तर त्यानं नीट बघायच्या आधीच एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) घासतो म्हणत कानस काढली, मग मी रायफल कव्हरमध्ये घातली आणि सरळ निघालो.

इथल्या मिस्त्रींनी पहिलं ओरिजिनल लायसन मागितलं, रायफलीचा नंबर जुळवून रजिस्टरला नोंद केली, नळी आणि मॅगझिन रिकामी आहे का ते स्वतः बोट घालून बघितलं. मी एक्स्ट्रॅक्टरचं बोललो तर म्हणाले, "कुठं अडकुलालंय ते आधी बघू की ओ, मग कानस." जिवंत राउंड घालून ट्राय करायचं नाही म्हणजे नाही. बिनदारूची, बिनकॅपची डमी घेतली, मार्कर पेनानं काळी केली, लिव्हर हलक्या हातानं मिटवली आणि बाहेर काढून मला दाखवली. रिमपाशी, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर पकडतो त्या बुडाच्या कडेला, रंग जसाच्या तसा, गळ्याभोवती मात्र गोल खरचटलेलं. एक्स्ट्रॅक्टरचा काय संबंधच नव्हता!

कारण ऐकण्यासारखं आहे. या रायफलीत बोल्ट उतरवल्याशिवाय चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथं) मागून सरळ रॉड जात नाही, म्हणून सगळे नळीच्या तोंडाकडून साफ करतात आणि सगळी घाण, तेल ढकललं जातं चेंबरकडं. तिथं ते वाळून चिकट कडं तयार झालेलं. त्यांनी बोल्ट उतरवला, सॉल्व्हंट मुरू दिलं, ब्राँझच्या ब्रशनं काढलं. पॉलिश पेपर हातात पण घेतला नाही, चेंबर एकदा मोठं झालं की परत लहान होत नाही म्हणाले, आणि हे मला सगळ्यात पटलं.

वर आमची जुनी काडतुसं पण बघितली, हिरवी पडलेली आणि तोंड चेपलेली सगळी बाजूला काढली. .४४-४० च्या गळ्याचं पितळ कागदासारखं पातळ असतं, जरा चेपलं की चेंबरला अडतं, आणि अडलं की लोक लिव्हरवर जोर देतात, ते कधी करायचं नाही. आपल्याकडं हे राउंड मिळणं अवघडच, .३१५ च्या काडतुसासारखं सहज नाही, म्हणून टाकताना जीवावर आलं, पण ठीकाय.

आता डमी लोण्यासारखी आत जाते. बिल वाजवी, नीट पावती दिली.

एक स्टार कापला तो फोनसाठी, उचलतच नाहीत ओ, आणि तारीख देतात त्या तारखेला काम झालेलं नसतं. पार्किंगचं तर बोलायलाच नको. मॅगझिनची स्प्रिंग पण ढिली आहे, शेवटचं राउंड कॅरिअरवर (राउंड चेंबरपाशी उचलणाऱ्या भागावर) पूर्ण सरकत नाही, ते काम राहिलंय, मापाची स्प्रिंग मिळाली की कळवतो म्हणालेत.