झिरपणारे की न झिरपणारे? तपकिरी मातीची भांडी निवडताना

तपकिरी मातीचे भांडे घेताना रंगावर जाऊन उपयोग नाही, कारण हा रंग बहुधा मातीतल्या किंवा झिलईतल्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरातल्या, लोहामुळे येतो आणि तो दोन अगदी वेगळ्या जातींच्या भांड्यांना सारखाच शोभतो. विचारायचे ते एवढेच, की भांडे झिरपायला हवे की नको.

बिनझिलईचे भांडे साधारणतः १००० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून कमी तापमानाला भाजलेले असते, त्यामुळे माती घट्ट होते, पण तिची छिद्रे बुजत नाहीत. कोरे मडके पाण्यात बुडवून ठेवले, तर छिद्रांतली हवा बारीक बुडबुड्यांनी बाहेर येताना दिसते. पुढे याच वाटेने झिरपलेले पाणी बाहेरच्या अंगावर येऊन वाळते आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी एका अंशाने निवायला जेमतेम दोन ग्रॅम पाण्याची वाफ पुरते. म्हणूनच कोरड्या, वाहत्या हवेत माठ उत्तम गार करतो आणि दमट हवेत त्याचे फारसे चालत नाही. क्षारयुक्त पाण्याने छिद्रे हळूहळू बुजतात, तेव्हा माठ बाहेरून नुसत्या ब्रशने घासावा. साबण मात्र लावू नये, कारण माती तो शोषून घेते आणि त्याचा वास पाण्याला लागतो.

मंद आचेवर शिजवण्यासाठीही मी बिनझिलईचेच, शक्यतो भरड वाळू मिसळलेल्या मातीचे भांडे सुचवीन. सूक्ष्म तडा छिद्रापाशी किंवा वाळूच्या कणापाशी अडतो. तरीही तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नये. इंडक्शन शेगडीवर ही भांडी तापत नाहीत.

झिलईदार बरणीचे काम नेमके उलटे आहे. मीठ, तेल, आंबट किंवा खारवलेले पदार्थ दीर्घकाळ ठेवायचे असतील, तर तिला पर्याय नाही. कोऱ्या मडक्यात तेल मुरते, खवट होते आणि तो वास पुन्हा जात नाही. येथे एका गोष्टीत तडजोड करू नये: काही झिलयांत शिसे असते आणि आंबट पदार्थात ते उतरते, त्यामुळे शिसेविरहित असल्याची खात्री नसलेले भांडे शोभेपुरतेच ठेवावे.

दोन्ही जातींचे भांडे हातावर तोलून बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा असण्याचा संभव मोठा. झिलईदार बरणी उलटी करून तळाची कडही पाहावी. भट्टीत भांडे चिकटू नये म्हणून ही कड बहुधा कोरीच सोडलेली असते. तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवावा. तो तसाच राहिला, तर माती १२०० अंशांच्या पुढे भाजून घट्ट झालेली असण्याची शक्यता अधिक. चटकन शोषला गेला, तर पाणी अडवण्याचा सारा भार झिलईच्या पातळ थरावर आहे आणि त्या थराला चीर पडताच बरणी पाझरू लागेल.