एचआयव्हीवरची टीएलडी गोळी, चौदा महिन्यांनंतर: औषधाला तोड नाही, बाटलीने मात्र जीव खाल्ला

दाढेमुळे आज हे लिहायला बसले. एका खासगी दवाखान्यात फॉर्मवर मी खरं ते लिहिलं, की मला एचआयव्ही आहे. डॉक्टरांनी वाचलं, हातमोजे काढून ठेवले आणि म्हणाले, "तुम्ही सरकारीत जा." 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, आजारावरून उपचार नाकारता येत नाहीत. मी म्हटलं, मग कारण लेखी द्या. लेखी मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यात शेवटचा नंबर देऊन दाढ काढली. शेवटचा का, तर म्हणे नंतर अवजारं नीट धुवावी लागतात. ती तर प्रत्येक पेशंटनंतर निर्जंतुक करायचीच असतात ना? अजून संताप जात नाही.

गोळीबद्दल तक्रार नाही. तीन औषधं एकाच गोळीत, दिवसाला एक, एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रावर, फुकट. पहिले काही दिवस झोप उडाली होती. सेंटरवर विचारून रात्रीऐवजी सकाळी घ्यायला लागले, थांबलं. फक्त पित्ताचं पातळ औषध सोबत घ्यायचं नाही. गोळीनंतर निदान दोन तास जाऊ द्यायचे.

पण ती बाटली! पांढरी, प्लॅस्टिकची, आत 30 गोळ्या. तीन महिन्यांच्या तीन बाटल्या पर्समध्ये घालून नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सिडकोच्या शेअर रिक्षात बसले की खड्ड्यागणिक खुळखुळ. शेजारची बाई पर्सकडे बघते. मी कॉलेजच्या मुलांचे बारा डबे करते. जेवणातून हा आजार पसरत नाही, पण ते पोरांच्या आयांना पटवेपर्यंत माझी चूल बंद पडेल.

पाकिटातल्या गोळ्या द्या, अशी मागणी मी इथे करणार होते. आता तसं म्हणणार नाही. मीच मागे आवाजाला कंटाळून गोळ्या वेलदोड्याच्या डबीत काढल्या होत्या. फार्मसीतल्या ताई रागावल्या, "बाटलीतली ती छोटी पुडी ओल धरते. गोळ्या बाहेर काढायच्या नाहीत." खरं आहे. आमच्याकडे पावसाळ्यात मिठालासुद्धा पाणी सुटतं.

म्हणून आता सेंटरवरून निघाले की रविवार कारंजावर अडीच किलो तांदूळ घेते आणि तिन्ही बाटल्या त्यात खोल रोवते. आवाज पार दबतो आणि तांदूळ तसेही लागतातच.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू मोजायची तपासणी, केली. समुपदेशक ताईंनी कागद माझ्याकडे वळवून एका ओळीवर बोट ठेवलं: टार्गेट नॉट डिटेक्टेड. म्हणजे विषाणू मोजणीतही सापडत नाही. लोड असाच राहिला तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. मी तो कागद रिक्षात हातातच धरला होता.

कुणाला सेंटरवर जायची भीती वाटत असेल तर आधी 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पडत नाहीत. माझी तारीख सोमवारी आहे. तांदूळही संपत आलेत.