एनएचएल ३.५: जुन्या दगडी कोठारासाठी घेतलेला चुना

फ्रान्सच्या लिमुझें भागातल्या क्रूझ जिल्ह्यात आम्ही घेतलेले जुने घर आणि त्याला लागून असलेले धान्याचे कोठार, दोन्ही ग्रॅनाइटचे आहेत. भिंती साठ सेंटिमीटर जाड आहेत, मात्र घडीव दगड फक्त आतल्या आणि बाहेरच्या तोंडाला आहे. मधला गाभा माती आणि दगडाच्या कपच्यांनी भरलेला आहे. या भिंतींच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरण्यासाठी गेल्या दोन हंगामांत मी नैसर्गिक हायड्रॉलिक (पाण्याने बसू लागणाऱ्या) चुन्याच्या, म्हणजे ज्यांवर ‘एनएचएल ३.५’ असे छापलेले असते अशा, चाळीसेक गोण्या वापरल्या. हा अभिप्राय त्या मालाबद्दल आहे, कोणा एका उत्पादकाबद्दल नाही. दोन वेगवेगळ्या कारखान्यांचा चुना वापरूनही भिंतीवर मला त्यांत फरक दिसला नाही.

चुना का, हे आम्हाला कोठाराच्या दक्षिणेकडच्या भिंतीने शिकवले. आधीच्या कोणीतरी तिला जमिनीपासून छातीपर्यंत सिमेंटचा जाड गिलावा केला होता. छिन्नीने तो उडवला तेव्हा मागची माती इतकी ओली निघाली की मुठीत दाबली की तिचा गोळा होत होता, आणि आतल्या बाजूने, गिलावा जिथे संपत होता त्याच्या बरोबर वर, भिंतीला पांढरा लोणा धरला होता. जुन्या घरांना बहुधा जोत्याखाली ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल गाभ्यातल्या मातीतून वर चढते आणि दगडांमधल्या दर्जांतून बाहेर पडून वाळते. ग्रॅनाइटमधून ती जवळजवळ जात नाही, त्यामुळे दर्जा हीच तिची वाट असते. सिमेंटने ती वाट बुजवली की ओल आणखी वर जाते आणि लाकडाला गाठते. आमच्या इथे एका ओकच्या तुळईचे भिंतीत रोवलेले टोक बोटाने खरवडता येईल इतके कुजले होते.

आता गोणीवरच्या आकड्याबद्दल, कारण सगळी फसगत तिथेच होते. एनएचएल २, ३.५ आणि ५ अशा तीन प्रती मिळतात आणि हा आकडा म्हणजे २८ दिवसांनंतर मसाला किमान किती दाब सोसतो ते, मेगापास्कल या एककात. दुकानात विचारले की उत्तर ठरलेले असते: पाच घ्या, तो सर्वांत मजबूत. दगड ग्रॅनाइटचा आहे म्हटल्यावर तर आग्रह वाढतोच. पण जुनी भिंत उथळ पायावर उभी असते आणि ऋतूंप्रमाणे किंचित हलत राहते. ते हलणे दर्जेने सोसायचे असते, दगडाच्या कडेने नव्हे. शिवाय गाभा मातीचा असताना बाहेरचा मसाला त्याच्याहून फार कडक झाला तर तो कवचासारखा सुटून येतो. पाचाची प्रत धुराड्याचे डोके किंवा सतत भिजणारे जोते अशा ठिकाणी शोभते. उभ्या भिंतीच्या दर्जांना साडेतीन पुरून उरतो, आणि आतल्या बाजूला मी पुन्हा काम केले तर दोनचीच प्रत घेईन.

आकड्याइतकेच पहिले अक्षरही पाहावे. युरोपीय मानकानुसार एनएचएलमध्ये बाहेरून काहीही मिसळता येत नाही, तर नुसते ‘एचएल’ लिहिलेल्या मालात सिमेंटही असू शकते. माझ्या पहिल्या खरेदीत एका दुकानाने एकाच फळकुटावरून सहा गोण्या एचएलच्या चढवल्या. गोण्यांचा रंग जवळपास सारखाच असल्याने घरी उतरवतानाच ते लक्षात आले. दुकानाने त्या परत घेतल्या, पण वाहतुकीचा खर्च माझ्या माथी मारूनच.

वापरायला हा चुना मला सिमेंटपेक्षा आनंददायी वाटला. तो वजनाला हलका आहे. २५ किलोच्या गोणीतून मोठ्या तीन बादल्या निघतात, आणि एका मापाला वाळूची अडीच मापे धरली तर एका गोणीत बऱ्यापैकी मोठा तुकडा उरकतो. त्यामुळे मला साधारण १४ युरोंना पडलेली गोणी पहिल्यांदा वाटली तितकी महाग ठरत नाही. मसाला थापीला लोण्यासारखा चिकटून राहतो आणि तासाभरानेही हाताळता येतो. रंग मात्र चुन्याचा नसतो, वाळूचा असतो. आम्ही जवळच्या खाणीतली पिवळसर ग्रॅनाइटी वाळू घेतली आणि जुन्या दर्जांशी ती इतकी जुळली की आता नवे-जुने ओळखावे लागते.

खरी कसोटी भरल्यानंतर असते. दर्जा दगडाच्या तोंडाबरोबर भरून, अंगठा दाबला तर ठसा उमटणार नाही पण नखाने ओरखडा निघेल, इतपत थांबायचे आणि मग थापीच्या कडेने वरची साय खरवडून ताठ ब्रशने झाडायचे. लवकर केले तर चुना दगडांवर फासला जातो आणि भिंत पिठात लोळल्यासारखी दिसते. उशीर झाला तर वाळूचा कण उघडा पडत नाही आणि दर्ज कायमची राखाडी राहते. जूनमध्ये ही वेळ चार-पाच तासांनी आली, सप्टेंबरमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी. गोणीवर यातले काहीही लिहिलेले नसते.

लिहिलेले असते ते तापमान, आणि ते मी एकदा मानले नाही. पाच अंशांखाली काम करू नये, अशी सूचना असताना ऑक्टोबरच्या अखेरीस ऊन पडलेले पाहून मी उत्तरेचा एक पट्टा भरला. चार रात्रींनी दव गोठले आणि वसंतात त्या दर्जा ब्रशनेच भुग्यासारख्या निघाल्या. हा चुना पाण्याने बसायला सुरुवात करतो खरा, पण पुढचे कडक होणे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, अगदी सावकाश होते. क्रूझचे गवंडी पूर्वी वसंतात पायी पॅरिसकडे निघत आणि हिवाळ्यात गावी परतत. त्या वेळापत्रकामागे चुन्याचाही हात असावा, असे मला त्या भुग्याकडे पाहताना वाटले. उलट टोकाला, कडक उन्हात पडदा बांधून तीन-चार दिवस भिंतीवर पाण्याचा फवारा मारत राहणे भाग आहे.

डोळ्यांचा चष्मा आणि हातमोजे यांत सूट नाही. ओला चुना कातडी भाजतो, आणि ते संध्याकाळी कळते.

कोठार राहण्याजोगे करायला बांधकाम परवाना लागला, कारण वापर बदलत होता आणि आम्ही दर्शनी भिंतीत नव्या खिडक्या पाडत होतो. क्षेत्रफळ १५० चौरस मीटरच्या आत राहिल्याने आर्किटेक्टची सक्ती टळली. नुसत्या दर्जा भरायच्या असल्या तरी आधी गावच्या मेरीत, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत, विचारावे, विशेषतः ५०० मीटरच्या आत संरक्षित वास्तू असेल तर, कारण तिथे वाळूच्या रंगावरही मत दिले जाते.

उत्तरेची भिंत अजून बाकी आहे. तिच्यासाठी आणलेल्या नऊ गोण्या कोठारात लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वर ठेवल्या आहेत. उघडलेली दहावी गोणी प्लास्टिकमध्ये बांधूनही महिन्याभरात खड्यांची झाली आणि टाकून द्यावी लागली.