कॅशलेस मेडिक्लेम: मंजुरी झटपट, खिशाला चाट तशीच

नव्या नियमांनंतरच्या कॅशलेस सेवेला पाचपैकी साडेतीन. वेग खरोखर वाढलाय. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने १ तासात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर ३ तासांत निर्णय द्यायचा. कंपनीच्या दिरंगाईने हॉस्पिटलचे जादा पैसे लागले, तर तेही तिनेच भरायचे. मेख अशी की ३ तास मोजायचे ते हॉस्पिटलने डिस्चार्जची विनंती पाठवल्यापासून. सकाळच्या राउंडला डॉक्टर 'आज घरी जा' म्हणाले, तरी उरलेली औषधं फार्मसीत परत, डिस्चार्ज समरी टाइप, बिल बंद, यात दुपार उलटते. त्याला हा ३ तासांचा नियम लागू नाही. राउंड संपताच नर्सिंग स्टेशनवर औषधपरतीच्या मागे लागा, बिल तिथेच अडतं.

पैशांचा खरा खड्डा रूम रेंटमध्ये आहे. पॉलिसीतली मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आणि खोली ८,००० ची घेतली, तर ४ दिवसांचा फरक होतो १२,०००. तेवढ्यावर भागत नाही. खोलीच्या दर्जानुसार सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर यांचे दरही चढतात, म्हणून कंपनी तेही ५/८ प्रमाणातच मंजूर करते. हे चार्जेस १ लाख असतील तर आणखी ३७,५०० तुमच्या माथी. एकूण ४९,५००! औषधं, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूला मात्र ही कात्री लावता येत नाही. सेटलमेंटच्या पत्रात स्टेंट किंवा एमआरआयवर अशी कपात दिसली, तर लेखी हरकत घ्या. पॉलिसी घेतानाच 'रूम रेंटला मर्यादा नाही' हे कलम मिळत असेल, तर थोडा जास्त हप्ता परवडतो.

त्यानंतर येते विम्यातून पैसे न मिळणाऱ्या ६८ बाबींची यादी: ग्लोव्हज, मास्क, डायपर, थर्मामीटर, ईसीजीचे इलेक्ट्रोड. तपशील न देता बिलात नुसतं 'किट' लिहिलेलं असलं तरी पैसे कापले जातात. बिलिंग काउंटरवरून त्याची फोड मागून घ्या, त्यातलं बरंच देय निघू शकतं. कन्झ्युमेबल्सचा रायडर (जादा हप्त्याचं जोडकलम) लांबलेल्या मुक्कामात वसूल होतो, एका दिवसाच्या मोतीबिंदूला फारसा नाही.

कंपनीच्या क्वेरीचं, म्हणजे मंजुरीआधीच्या विचारणेचं, मूळ बहुतेकदा केस पेपरवर असतं. पॉलिसीच्या अर्जात बीपी लिहिलेलं नाही आणि ॲडमिशनला कुणी अंदाजाने '५ वर्षांपासून' सांगितलं, की फाइल अडकलीच. जुनी प्रिस्क्रिप्शन्स जवळ ठेवा, तारीख त्यावरूनच सांगा. पॉलिसीआधीच्या आजारांना संरक्षण मिळण्याची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३ वर्षं आहे (पूर्वी ४ होती), आणि सलग ५ वर्षं हप्ते भरले असतील तर सिद्ध झालेली फसवणूक सोडून माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. कपात पटली नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे किंवा 'बीमा भरोसा' पोर्टलवर जा. तिथेही दाद लागली नाही, तर विमा लोकपाल. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही.