रॅट एफसीआरएन रिकॉम्बिनंट प्रोटीन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रॅटमध्ये एखादी अँटीबॉडी किती काळ टिकेल याचा अंदाज हवा असेल, तर ती रॅटच्याच एफसीआरएनवर, म्हणजे अँटीबॉडीला पेशीत पकडून नाशापासून वाचवणाऱ्या रिसेप्टरवर, तपासायला हवी. मानवी एफसीआरएन आमच्या फ्रीजरमध्ये होतंच, पण त्यावरून रॅटबद्दल बोलणं धोक्याचं. मानवी रिसेप्टर माऊसच्या आयजीजीला (रक्तातल्या मुख्य प्रकारच्या अँटीबॉडीला) जवळजवळ धरतच नाही, रॅटचा रिसेप्टर मात्र मानवी आयजीजी चांगली धरतो. शिवाय हा रिसेप्टर पहिल्यांदा क्लोन झाला तोच रॅटच्या पिल्लांच्या आतड्यातून, १९८९ मध्ये. त्यामुळे तुलनेला जुनी माहिती भरपूर सापडते.

आमचं प्रोटीन एचईके २९३ या मानवी पेशींत बनवलेलं आहे: रिसेप्टरचा पेशीबाहेरचा भाग, जोडीला बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, हिस-टॅग (पकडीसाठी हिस्टिडीनची छोटी शेपटी) आणि अवि-टॅग या दुसऱ्या शेपटीवर बायोटिन. रिड्युसिंग जेलवर जड साखळीचा, म्हणजे रिसेप्टरच्या भागाचा, पट्टा पसरट दिसतो. त्याने बिचकू नका. रॅटच्या साखळीवर एन-ग्लायकोसिलेशनच्या (साखर जोडली जाण्याच्या) चार जागा आहेत, मानवी साखळीवर एकच. लहान साखळी, म्हणजे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, १२ केडीएच्या आसपास येते, कमी टक्क्यांच्या जेलवर ती खालून निसटून जाते.

खरा कस लागतो तो पीएचवर. ६.० ला आयजीजी बसते आणि ७.४ ला सुटते, कारण एफसीवरचे, म्हणजे आयजीजीच्या बुडाच्या भागावरचे, हिस्टिडीन ३१० आणि ४३५ आम्लात प्रोटॉन घेतात. बफर ६.० ऐवजी ६.३ झाला तरी सिग्नल खाली येतो, म्हणून पीएच मीटर त्याच दिवशी कॅलिब्रेट करावा. याच गुणामुळे एसपीआरमध्ये (चिपवर बंध बसताना आणि सुटताना थेट मोजणाऱ्या पद्धतीत) मोठा आराम मिळतो. रिजनरेशनला, म्हणजे चिप पुन्हा रिकामी करायला, कडक आम्ल लागत नाही, ७.४ चा बफर सोडला की पृष्ठभाग मोकळा होतो आणि बरेच दिवस टिकतो.

बायोटिनवालीच आवृत्ती घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. पीएच ६ च्या आसपास हिस-टॅगमधल्या हिस्टिडीनवरही प्रोटॉन बसू लागतो आणि निकेल चिपवरची पकड ढिली होते. मग बेसलाइन सरकत राहते आणि खरं विघटन कोणतं, चिपवरून गळणारं प्रोटीन कोणतं, हे वेगळं काढता येत नाही. बायोटिन घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिनच्या चिपवर हा त्रास उरला नाही. मात्र प्रोटीन पातळच बसवावं. एका आयजीजीला दोन रिसेप्टर धरू शकतात, त्यामुळे दाट पृष्ठभागावर बंध खऱ्याहून घट्ट दिसतो.

एलायझामध्ये (प्लेटच्या विहिरींतल्या रंगावरून बंध मोजणाऱ्या चाचणीत) सगळे वॉश ६.० लाच करावे लागतात, ७.४ च्या पीबीएसने एकदा धुतलं की आयजीजी निघून जाते. ब्लॉकिंगला अल्ब्युमिन टाळते, कारण तेही आम्लात एफसीआरएनला बसतं, जागा तेवढी वेगळी. शोधणारी दुय्यम अँटीबॉडीसुद्धा पूर्ण आयजीजी असेल तर स्वतःच्या एफसीने रिसेप्टरवर बसते आणि रिकाम्या विहिरीही रंगतात. तिथे एफसी नसलेला एफ(एबी)प्राइम-२ तुकडाच हवा. निगेटिव्ह कंट्रोलला २५३, ३१० आणि ४३५ या तिन्ही जागी अ‍ॅलॅनिन असलेली आयजीजी ठेवली, ती बसली नाही. साखर काढलेली आयजीजी मात्र नीट बसली, आणि तसंच व्हायला हवं: एफसीआरएनला त्या साखरेची गरज नसते, प्रतिकारशक्तीच्या पेशींवरच्या एफसी-गॅमा रिसेप्टरना असते.

नाराजी लॉटबद्दल आहे. नंतरच्या एका लॉटमध्ये साइझ एक्सक्लुजनवर (प्रोटीन आकारानुसार वेगळं करणाऱ्या चाचणीत) मुख्य शिखराच्या आधी ठळक खांदा दिसला आणि त्या चिपवर आयजीजी उशिरा सुटत होती. प्रमाणपत्रावर फक्त जेलवरची शुद्धता होती. जेलवर गुठळ्या कळत नाहीत, आणि या प्रोटीनमध्ये नेमक्या त्याच निकाल बिघडवतात. एवढी किंमत घेणाऱ्या पुरवठादाराने साइझ एक्सक्लुजनचा आलेख प्रत्येक लॉटसोबत द्यायलाच हवा. तक्रारीनंतर लॉट बदलून मिळाला, पण मधले प्रयोग पुन्हा करावे लागले.

साठवण सरळ आहे: पावडर विरघळवली की लहान वाटे करून उणे ८० ला ठेवायचे आणि उघडलेला वाटा परत गोठवायचा नाही. नवीन लॉट आला की जुन्याचा एक वाटा राखून दोन्ही एकाच चिपवर, एकाच आयजीजीने शेजारी चालवते. आकडे जुळले तरच तो लॉट कामाला लागतो.